मुका मनोरा

कुठल्याही इमारतीत शिरलं की ते आधी भिंतीवर तळहात ठेवायचे. त्यात नाटकीपणा काही नसे. ओळखीच्या गाईच्या पाठीवर जाता जाता हात ठेवावा, तसं. मग हळूच भिंतीला विचारायचे, "काय बाई, वय काय तुझं?" इंग्रजीत भिंतीला लिंग नसतं, पण त्यांच्या बोलण्यात ती बाईच असायची. आणि आम्ही टेप काढायला लागलो की म्हणायचे, "आधी तिला विचारा. मोजमाप नंतर."

गवंड्या-सुतारांच्या घरात अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे मात्र आर्किटेक्ट होते. मूळचे इंग्लंडचे, सत्तरीला टेकलेले, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही. न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थमधल्या आमच्या लहानशा इंजिनिअरिंग ऑफिसात ते आठवड्यातले काही दिवस सल्लागार म्हणून यायचे. दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. मी पुण्याहून नुकतीच आले होते. जुन्या विटांच्या इमारती भूकंपात टिकतील का, हे तपासायचं काम तेव्हा आमच्याकडे खूप येत असे, आणि त्या कामावर माझी त्यांच्याशी जोडी लागली.

इथल्या ऑफिसात साहेबालाही नावाने हाक मारतात. माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. म्हणून मी कित्येक महिने त्यांना कसलीच हाक मारली नाही, समोर जाऊन उभी राहायचे. हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एकदा म्हणाले, "तू आलीस की कळतं मला. कोणीच हाक मारत नाही."

चहाच्या सुट्टीत ते त्यांच्या गावच्या चर्चबद्दल बोलत. इंग्लंडच्या पूर्वेकडचं शेतकरी गाव, आणि गावाच्या मानाने मोठं, सातशे-आठशे वर्षांचं चर्च. रद्द झालेल्या नकाशाच्या पाठीवर ते पेन्सिलीने ते काढून दाखवत. एकदम पूर्ण नाही, ज्या क्रमाने बांधलं गेलं त्या क्रमाने. आधी नुसतं मधलं दालन, जाड भिंती, लहान खिडक्या, एक गोल कमान. मग लोकसंख्या वाढली म्हणून उत्तरेकडची भिंत फोडून तिथे खांब उभे केले आणि पलीकडे ओसरीसारखं दालन जोडलं. त्या कमानी टोकदार, कारण तोवर कारागिरांना नवी रीत कळली होती. मग वेदीकडचा भाग लांबवला. सगळ्यात शेवटी पश्चिमेचा मनोरा. मनोऱ्याच्या मध्यावर ते एक आडवी रेघ मारत आणि पेन्सिल खाली ठेवत.

"इथे प्लेग आला. खालचा दगड एका हाताचा, वरचा दुसऱ्या. मधे कितीतरी वर्षं काम बंद. ज्यांनी खालचं बांधलं त्यातलं कोणी वर चढलं नाही."

एवढं सांगून ते उठत, कप विसळून ठेवत आणि कामाला लागत. मला वाटायचं, परदेशी राहणारा माणूस गावाची आठवण काढतो, तसंच हे असेल. मीही काढतच होते.

एकदा आम्ही गाडीने तासभर अंतरावरच्या एका लहान गावी गेलो. तिथलं विटांचं चर्च तपासायचं होतं. त्यांनी सवयीने भिंतीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. विटांच्या मधल्या दरजा कुणीतरी अलीकडे सिमेंटने भरल्या होत्या, आणि त्यामुळे विटांचा भुगा होत होता. ते पायरीवर बसले. मी पाण्याची बाटली दिली तर नुसतीच हातात धरून राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते नकाशाच्या पाठीवर कधी आलं नव्हतं.

त्यांचे वडील त्या चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्यांचे म्होरके होते. तिकडे घंटा म्हणजे आपल्यासारखी टांगलेली आणि टोलवलेली नाही. माणसाहून जड घंटा चाकावर आख्खी फिरते, खाली दोर ओढणारी माणसं गोल उभी असतात, आणि एकाचा ठेका चुकला तर सगळं बिघडतं. वडिलांचा ठेका गावाला माहीत होता. मुलगा आर्किटेक्ट झाला तेव्हा मनोऱ्याच्या दरजा उघड्या पडल्या होत्या. आपल्याच पोराला काम द्यायचं, असं गावाने ठरवलं. मुलगा तिशीतला होता आणि त्या काळी सगळेच करत होते तेच त्याने केलं. जुना चुना खरवडून काढला आणि मनोरा पायापासून टोकापर्यंत सिमेंटने भरला. गावाने कौतुक केलं. वडिलांनी खाली उभं राहून टोपी काढली.

चुना पाणी पितो आणि सोडतो. सिमेंट सोडत नाही. कुठल्यातरी बारीक चिरेतून पाणी आत गेलं, आतच राहिलं, हिवाळ्यात गोठलं, आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागले. पंधरा-वीस वर्षांनी एक मोठा दगड खाली वाटेवर येऊन पडला. सुदैवाने वाटेवर कोणी नव्हतं. दुसऱ्या आर्किटेक्टने येऊन पाहिलं आणि सांगितलं, की घंटा फिरल्या की मनोरा हलतो, आणि आता तो हलणं सोसणार नाही. घंटा बांधून ठेवल्या गेल्या. त्यानंतर वडील फार जगले नाहीत. ज्या माणसाने गावातल्या प्रत्येकाच्या मरणाला घंटा वाजवली, त्याला घंटेविना पुरलं.

"मला एका शब्दाने बोलले नाहीत ते," ते म्हणाले. "रागावले असते तर मी तिथे राहिलो असतो."

वर्षभरात नवरा-बायको न्यूझीलंडला आली. इथे त्यांनी आयुष्यभर गॅरेजं, डेक आणि गाईंचं दूध काढायच्या शेड आखल्या. लाकूड आणि पत्रा. ते म्हणत, इथे माझी चूक माझ्याएवढीच जगेल.

त्या दिवसापासून मी त्यांना घरी जेवायला बोलवू लागले. पुण्याहून माझी आई आली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना मराठी, पण जेवताना दोघांचं बरं जमायचं. आई त्यांना 'देवळाचे काका' म्हणायची आणि वरणभातावर जरा जास्तच तूप वाढायची. एकदा त्यांनी तिलाही चर्च काढून दाखवलं. आता घंटा बंद आहेत, हेही मी तिला सांगितलं. आईने सगळं नीट पाहिलं आणि मला म्हणाली, "त्यांना विचार, घंटा वाजत नाही तर देवाला कळतं कसं कोणी आलंय ते?"

मी घुटमळले. हे कसं विचारावं? पण माझी मुलगी ईशा, तेव्हा सात वर्षांची, मराठी समजणारी आणि इंग्रजीत उत्तरं देणारी, तिने ते जसंच्या तसं इंग्रजीत विचारून टाकलं. त्यांचा चमचा थांबला. मग ते आईकडे बघून म्हणाले, की बहुतेक कळत नसावं. ईशाने तेही मराठीत आईला सांगितलं.  आईने त्यांच्या पानात आणखी थोडा भात वाढला, आणि तो त्यांनी संपवला.

पुढच्या वर्षी त्यांच्या बहिणीचा इंग्लंडहून फोन आला. ती अजून त्याच गावात, त्याच घरात राहत होती. मनोऱ्याचं सिमेंट काढून पुन्हा चुना भरायचं गावाने मनावर घेतलं होतं. नवी आर्किटेक्ट तरुण मुलगी होती, आणि मागच्या कामाची माहिती असणारं कोणी मिळेल का, हे ती शोधत होती. त्यांनी जायचं ठरवायला दोन महिने घेतले. तब्येत बरी नव्हती, हृदयाचं दुखणं होतं, पण अडवत होतं ते दुखणं नव्हे. ते मला म्हणाले, "गावासमोर उभं राहायचंय. पंचवीस वर्षं मी ते वाक्य तयार करतोय."

माझ्या नवऱ्याने, नितीनने, आणि मी त्यांना विमानतळावर सोडलं. कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. शिक्षा ऐकायला निघालेल्या माणसासारखे दिसत होते.

उन्हाळा तिकडे काढून ते परतले. मला वाटलं होतं मोकळे होऊन येतील. पण चेहरा पाहूनच मी काही विचारलं नाही. एका रविवारी नदीकाठी फिरताना त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली.

गावात बहिणीखेरीज त्यांना ओळखणारं कोणीच उरलं नव्हतं. जुनी माणसं गेली होती, घरं शहरातल्या लोकांनी घेतली होती. त्यांचं सगळ्यांनी आदराने स्वागत केलं, चहा केला, केक कापला. त्यांनी उभं राहून ते पंचवीस वर्षांचं वाक्य म्हटलं: हे मी केलं, माफ करा. लोक समजुतीने हसले. तरुण पाद्रीबाई म्हणाल्या, अहो, तेव्हा सगळेच तसं करत होते. आणि कोणीतरी त्यांना केकचा दुसरा तुकडा दिला.

"माफ करायलासुद्धा कोणीतरी लागतं," ते म्हणाले.

ते मनोऱ्याच्या परांचीवर रोज चढले. आर्किटेक्ट मुलीने नको म्हटलं तरी छिन्नी घेऊन स्वतःच्या हाताने सिमेंट काढत राहिले. मनोरा वाचला. पण सिमेंटमागचा दगड इतका ठिसूळ झाला होता, की घंटा पुन्हा कधी फिरवता येणार नाहीत, असं ठरलं. फार तर हातोडीने टोले देता येतील.

आणि निघायच्या आदल्या दिवशी बहिणीने स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता सांगितलं, की वडिलांना ओल आधीच दिसली होती. दगड पडायच्या कितीतरी वर्षं आधी. घंटांच्या दोरांच्या खोलीत आतल्या बाजूने भिंत काळी पडायची, गिलावा फुगायचा. दर काही वर्षांनी मुलगा मनोऱ्याच्या पाहणीला येणार असला, की वडील आदल्या आठवड्यात वर जाऊन भिंत कोरडी पुसत आणि तिच्यावर चुन्याचा हात देत. पोराचं पहिलं मोठं काम. गावात कुणाला कळू नये, आणि पोरालाही.

"बादली मी धरायचे," बहीण म्हणाली होती.

आम्ही नदीकाठी थांबलो. समोरून सायकलवरून विद्यार्थी जात होते.

"ते गप्प होते ते मला दोष देत होते म्हणून, असं मी आयुष्यभर समजलो," ते म्हणाले. "ते मला झाकत होते. तेव्हाच सांगितलं असतं तर मी सिमेंट काढलं असतं. मनोरा धडधाकट राहिला असता. घंटा वाजल्या असत्या त्यांच्यासाठी." मग म्हणाले, "मी त्या भिंतीवर हात ठेवला होता गं. चुना ताजा होता. मला वाटलं, बाबा किती निगा राखतात."

 मी त्यांचा हात धरला. आमच्यात पहिल्यांदाच.

त्यानंतर ते ऑफिसात येत राहिले, पण चर्च काढून दाखवणं थांबलं. विटांच्या इमारतींचे अहवाल ते अधिक सावकाश लिहू लागले. मालकाला काय आवडणार नाही ते सगळ्यात आधी लिहीत, आणि मलाही तसंच लिहायला लावत. "वाईट बातमी प्रेमापोटी दाबायची नाही," एवढंच म्हणत. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. तिथे मिरजेकडची एक मराठी नर्स होती, ती मला फोन करून कळवत असे. एका सकाळी तिचा फोन आला तेव्हा तिने नमस्कारसुद्धा केला नाही, आणि मला कळलं.

अंत्यविधीला आम्ही तिघं, ऑफिसातली माणसं, शेजारचं एक जोडपं. साधी लाकडी खोली, खुर्च्या अर्ध्या रिकाम्या. आईला मी पुण्याला फोन करून सांगितलं. तिने संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बहिणीचा फोन आला. वय झालेलं, प्रवास शक्य नव्हता. आवाज अगदी त्यांच्यासारखा, सावकाश. कोण कोण आलं होतं, कुठली फुलं होती, तिने विचारलं. मी सांगितलं.  

"तुला एक विचारू?" ती म्हणाली. "तिकडे तो हसायचा का?"

मी म्हटलं, हो. आणि मग मला एका उन्हाळ्यातला इथला समुद्र आठवला. ईशाने त्यांना वाळूत चर्च बांधायला लावलं होतं. तिने टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घातलेले, त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात इथल्या रबरी चपला, जँडल्स. त्यांनी ओल्या वाळूत गुडघे टेकून सगळं नीट केलं, खिडक्यासुद्धा काडीने कोरल्या. मनोऱ्याच्या टोकावर ईशा शिंपला ठेवणार एवढ्यात लाट आली, आणि मनोरा त्यांच्या मांडीवरच वाहून गेला. ईशा घाबरून त्यांच्याकडे बघायला लागली. ते तसेच पाण्यात बसले आणि हसायला लागले. टोपी वाहत गेली तरी हसत होते, खोकला येईपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी हे सगळं सांगितलं. 

मग ती म्हणाली, "पुन्हा सांगशील?"

मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.