दाराजवळची लोखंडी खुर्ची

शिवराज गेल्याची बातमी मला नातेवाइकांकडून कळली नाही, ख्रिस्ती पाळकांकडून कळली. नांदेडला मी सकाळचा चहा गाळत होते आणि फोनवर एक मऊ, सरावलेला आवाज म्हणाला, "ताई, शिवराजभाऊ प्रभूत झोपी गेले." माझा धाकटा भाऊ मेला होता, आणि हा माणूस मला तो झोपलाय म्हणून सांगत होता. त्याच्या गळ्यात इष्टलिंग आहे ना, एवढंच मी विचारलं. ते म्हणाले की आहे, पण गेल्या महिन्यात त्यांनी प्रभूला स्वीकारलं होतं. मी फोन ठेवून दिला आणि लातूरची गाडी धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, लातूर आलं, तरी मी मनातल्या मनात त्या एका वाक्याशी भांडत होते.

आम्ही मूळचे रेणापूरचे, लिंगायत. शिवराजचं लातूरला भांड्यांचं दुकान होतं. स्वभावाने तो गोड वगैरे मुळीच नव्हता. गिऱ्हाइकाने घासाघीस सुरू केली की हातातलं पातेलं काढून परत फळीवर ठेवायचा. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, आणि पूजा चालू असताना कुणी हाक मारली तर दिवसभर त्याच्याशी बोलायचा नाही. या तिरसट माणसाला एकच मऊ जागा होती, त्याची मुलगी शैला. तिला नायगावला दिली होती. जावयाचं नाव मी इथे लिहिणार नाही, माझ्या लेखात त्याला जागा नाही. शैला सात महिन्यांची गरोदर असताना तिला रक्तस्राव सुरू झाला. हा दारू पिऊन पडलेला. ती नाटकं करते म्हणाला आणि कूस बदलून झोपला. शेजारच्या बाईने तिला दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. पुढे पोलीस झाले, कोर्ट झालं, काहीही टिकलं नाही. शैलाच्या मागोमाग दोनेक वर्षांत शिवराजची बायकोही गेली आणि तो घरात एकटा उरला.

मग एके दिवशी दुकानात आलेल्या एका गिऱ्हाईक बाईने त्याला मोठ्या आनंदाने सांगितलं, की तुमचे जावई आता लातूरलाच असतात, आमच्या प्रार्थनेला येतात, बाप्तिस्मा घेतलाय, दारू सुटलीय, फार सुंदर साक्ष देतात. साक्ष म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून आपलं पाप सांगणं, हे त्याला त्या दिवशी कळलं. पुढच्या रविवारी तो बघायला गेला. गावाबाहेरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये जावई माईकवर सांगत होता, की मी माझ्या बायकोला मरू दिलं आणि प्रभूने मला क्षमा केली. आणि लोक टाळ्या वाजवत होते. शिवराजने मला हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "अक्का, माझ्या पोरीच्या मरणावर टाळ्या पडल्या," एवढंच म्हणाला. मला वाटलं, आता हा तिथे जाऊन कुणाचं तरी डोकं फोडणार. त्याने केलं भलतंच. दुकानातली घडीची लोखंडी खुर्ची, पाठीवर दुकानाचं नाव रंगवलेली, त्याने हॉलमध्ये नेऊन दाराजवळ मांडली आणि दर रविवारी तिच्यावर बसायला लागला. त्यांच्या खुर्चीवर बसला नाही, त्यांची गाणी गायला नाही, आणि एक रविवार चुकवला नाही.

समाजात बोंब झाली. शिवराजआप्पा बाटला म्हणून लोकांनी दुकान टाळलं. मीही त्याला वाट्टेल ते बोलले, आणि ते मागे घ्यावं असं मला आजही वाटत नाही. पण तो बाटला नव्हता. सकाळी लिंगपूजा करून तो प्रार्थनेला जायचा. घरी त्यांचं शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन बसायचा, चष्मा कपाळावर, एकेक ओळ पुटपुटत. पाळक बुधवारी दुकानात यायचे आणि दोघांचा वाद चालायचा. एकदा मी तिथे होते. पाळक नेहमीच्या गोडीने सांगत होते, की क्रूसावरून येशूने आपल्या मारेकऱ्यांनाही माफ केलं. शिवराज म्हणाला, "केलं, कारण मारलं त्याला होतं. हितं मारलं शैलूला. तिच्या वतीनं म्या कोण माफ करणार? आन् तुमी तरी कोण?" पाळकांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्याला एकच मलम होतं, आणि हा माणूस ते लावून घेत नव्हता.

त्यांच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे बारीक तुकडे आणि द्राक्षाच्या रसाचे इवलेसे कप ट्रेमध्ये ठेवून सगळ्यांपुढून फिरवतात. बाप्तिस्मा झालेला घेतो, बाकीचे मान हलवतात. तो स्टीलचा ट्रे आमच्याच दुकानातला. शिवराजने तो त्यांना पूर्ण किमतीला विकला होता, एक पैसा सोडला नव्हता. आणि तो फिरवायचं काम जावयाकडे होतं. रांगा संपल्या की ट्रे शेवटी दाराशी यायचा. जावई सासऱ्यापुढे थांबायचा, सासरा त्याच्या तोंडाकडे बघायचा, भरपूर बघायचा, आणि म्हणायचा, "पुढं चल." इतकी वर्षं, दर महिन्याला. मी एकदा चिडून विचारलं, की घ्यायचं नाही तर जातोस कशाला? तर म्हणाला, "देवानं माफ केलं असंल त्याला. देवाचं देव बघंल. पर महिन्यातून एकदा त्याला माझ्यापुढं हुबं राहावं लागतंय." कुठल्याही कोर्टाने त्या माणसाला दिली नाही अशी ती शिक्षा होती, आणि मला ती कमीच वाटायची.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. कावीळ पोटात उतरली होती, हाताच्या काड्या झालेल्या. प्रार्थनेची माणसं पाळीपाळीने डबा आणत होती, उशाशी बसत होती. हे मला मान्य करावंच लागेल, कारण आमच्या समाजातलं त्या खोलीत कुणी फिरकलं नव्हतं. सगळे बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "अक्का, गेल्या बारीला म्या कप उचलला होता." मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "ओठापातूर नेला. मंग परत ठिवला." छताकडे बघत पुढे म्हणाला, "समदं समजतंय मला. पटतंय बी. त्या देवाचं आन् माझं जमतंय, त्याचा बी लेक मारला लोकांनी. बापाचं दुःख त्याला ठाव हाय. म्हनून तर इतकी सालं जात राहिलो." मग माझ्याकडे वळून, अगदी हिशोबाची चूक दाखवावी तसा म्हणाला, "पर त्याचा लेक तिसऱ्या दिवशी उठला, अक्का."

मी त्याचे पाय चेपत बसले आणि रडले.

अंत्यविधीला दोन तट पडले. पाळक आणि त्यांची माणसं गीतांची पुस्तकं घेऊन अंगणात एका बाजूला, आमचे भाऊबंद दुसऱ्या बाजूला. पाळकांना वाटत होतं त्याने कप उचलला म्हणजे झालं. आमच्यातले दोघे-तिघे विधीला आलेल्या स्वामींच्या कानाला लागले की हा तिकडचा झालेला, आपली समाधी कशी द्यायची. स्वामीही कचरले. मी शिवराजच्या सदऱ्याची गुंडी काढली. लिंग छातीवर होतं, दोरासुद्धा नवा होता. मग स्वामी पुढे झाले. आमच्या पद्धतीप्रमाणे त्याला खड्ड्यात मांडी घालून बसवलं, विभूती लावली, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. पाळकांनी मला एका प्रार्थनेपुरती परवानगी मागितली, मी दिली नाही. आणि मूठमाती द्यायला जावई पुढे आला. केस पांढरे झालेले, डोळे सुजलेले. मी त्याच्या आडवी उभी राहिले. "जित्तेपणी त्यानं तुझ्या हातचं घेतलं न्हाई," मी म्हटलं, "आता का घेईल?" तो मुठीतली माती मुठीतच घेऊन मागे सरकला. लोक म्हणाले, मरणाच्या दारात तरी वैर सोडावं. ज्यांची मुलगी तशी गेली नाही त्यांनी खुशाल सोडावं.

या महिन्यात मी लातूरला गेले ती दुकान आवरायला. आवरताना खुर्ची आठवली. आमची वस्तू त्यांच्याकडे का राहावी, म्हणून रविवारी हॉलवर गेले. प्रार्थना चालू होती. खुर्ची दाराजवळ होती तिथेच होती, कुणीतरी रोज पुसत असावं अशी लख्ख. प्रार्थना संपेपर्यंत थांबावं म्हणून मी तिच्यावर टेकले. पहिला रविवार आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रांगा संपवून जावई ट्रे घेऊन सवयीने दाराशी आला, सवयीने थांबला, आणि मग त्याने वर बघितलं. त्याला पुढे जाता येईना आणि मागे सरता येईना. माझ्या भावासारखं शास्त्र मी वाचलेलं नाही, मला त्यातलं काही समजत नाही आणि समजून घ्यायचंही नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, भरपूर बघितलं. शैला हसली की तिच्या गालाला खळी पडायची, ते मला आठवलं. मी म्हणाले, "पुढं चल."

प्रार्थना सुटल्यावर मी खुर्चीची घडी घालून काखेत घेतली आणि पायरीपर्यंत आले. तिथून परत फिरले, घडी उघडली आणि ती दाराजवळ जशी होती तशी ठेवली. पाळकांनी विचारलं, की ताई, नेत नाही का खुर्ची? मी म्हटलं, राहू द्या, मी पुढच्या महिन्यात येते आहे.