हिला रंग नको

"हिला नको. हिचं तयारच आहे."

सरांनी हे अगदी सहज, हसत हसत सांगितलं.

अंधेरीतल्या एका शाळेचा हॉल. रविवारची सकाळ. रंगीत तालीम होती, म्हणजे पूर्ण मेकअप करून नाटक पहिल्यांदाच करून बघायचं होतं. आम्ही गुलामांची कामं करणारे बारा जण बाकावर ओळीने बसलो होतो. मेकअप करणारे परबकाका एकेकाच्या तोंडाला काळा रंग लावत शेवटी माझ्यापर्यंत आले. त्यांनी स्पंज भिजवला आणि सरांनी त्यांचा हात धरला. मग ते वाक्य. अकरा काळी तोंडं माझ्याकडे वळून हसली. माझी मैत्रीण मेधा हसली. मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

परबकाका तेवढे हसले नाहीत. ते मूळचे मालवणकडचे, तरुणपणी दशावतारात तोंडं रंगवलेली. "रंगाशिवाय मी कोणाक आत सोडूक नाय," असं पुटपुटत त्यांनी माझ्या कानामागे बोटभर रंग टेकवला. त्यांच्याकडची रीतच तशी. रंग लागल्याशिवाय माणूस नाटकातला होत नाही.

मी त्या नाटकात कशी आले ते सांगते. मरोळच्या वसाहतीत रेडिओचे सुटे भाग जोडायच्या कंपनीत मी कामाला होते. राहायला घाटकोपरला, डोंगरावरच्या वस्तीत. माझे बाबा जलशात गायचे. जयंतीला त्यांचा आवाज लागला की खालच्या रस्त्यावरची माणसं थांबायची. तो गळा मला मिळाला. मेधा आमच्या ऑफिसात टायपिस्ट होती. जेवणाच्या सुट्टीत तिने माझं गाणं ऐकलं आणि हाताला धरून मला तिच्या नाटकवाल्या ग्रुपमध्ये घेऊन गेली.

सर कॉलेजात शिकवायचे. खादीचा झब्बा, खांद्याला झोळी. पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथे जात चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायची." मला तो माणूस देवासारखा वाटला. मी काढून ठेवली. त्यांनी काय काढून ठेवलं ते मला कधी दिसलं नाही.

नाटक संगीत होतं, गुलामांच्या बंडाचं. सरांनीच लिहिलेलं आणि बसवलेलं. त्यात प्रत्येक रंगाला अर्थ होता. राजाच्या तोंडाला पांढरा, म्हणजे थंड रक्ताची सत्ता. प्रधानाला पिवळा, म्हणजे लोभ. आम्हाला काळा, म्हणजे गुलामी. शेवटच्या गाण्यात आम्ही घमेल्यातल्या पाण्यात फडकी भिजवून तोंडं पुसायची, काळा रंग उतरवायचा आणि मोकळं व्हायचं. सरांनी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. ते गाणं माझंच होतं. पहिली ओळ मी एकटीने उचलायची, मग बाकीच्यांनी साथ द्यायची. दोन महिने मी कंपनीत सोल्डरिंग करताना तीच ओळ घोळवत होते. मुकादम म्हणायचा, "काय गं, हिरॉइन झालीस वाटतं?" झालेच होते मी.

तर त्या रविवारी शेवटचं गाणं आलं. मी ओळ उचलली. सगळ्यांनी फडकी भिजवली, तोंडं पुसली. एकेक गोरा, गव्हाळ चेहरा वर आला. मीही पुसलं. पुसायला काही नव्हतंच. फडकं कोरं निघालं आणि मी होते तशीच उभी.

"थांबा, थांबा!" सर खुर्चीतून उठले. "प्रतीक फसतंय."

मला कळेना कुठे चुकलं. वाटलं, सूर गेला.

"तू उजळत नाहीस गं," सर म्हणाले. आवाज मऊ, डॉक्टर आजार सांगतो तसा. "प्रेक्षकांना वाटेल, ही एकटी गुलामच राहिली."

मग त्यांनी मार्ग काढला. शेवटच्या गाण्याला मी विंगेत जायचं आणि तिथून गायचं. माझ्या जागी मेधा उभी राहील आणि ओठ हलवील. "नाटक मोठं, आपण लहान," सर म्हणाले. मी मेधाकडे बघितलं. ती म्हणेल काहीतरी. माझ्या डब्यातली बोंबलाची चटणी बोटं चाटत खाणारी मेधा. ती म्हणाली, "अगं, नाटकासाठीच ना? मनाला लावून घेऊ नकोस यार." आणि लगेच विचारलं, "दुसऱ्या ओळीला श्वास कुठे घेतेस ते दाखव ना." मी दाखवलं. माझा श्वास मीच तिला शिकवला.

स्पर्धेचा पहिला प्रयोग दुपारी झाला. मी विंगेत, दोऱ्या आणि लाकडी फळ्यांच्या मध्ये उभी राहून स्वातंत्र्याचं गाणं गायले. टाळ्या पडल्या. मेधाने वाकून नमस्कार केला. आमचं नाटक पुढच्या फेरीत गेलं. पेढे वाटले तेव्हा सर्वात आधी सरांनी मला भरवला, तेही आठवतं.

बाबा आले होते बघायला, इस्त्रीचा सदरा घालून. बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले.

"शेवटी कुठं होतीस?"

"आत. विंगेत."

"आवाज तुझा. तोंड कुणाचं?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. प्रतीक, काळा रंग, गुलामी. सरांचेच शब्द. बाबांनी ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

"गुलामीचा रंग काळा, हे कुणी ठरवलं गं? आम्ही जलशात उभं राहायचो तेव्हा आमची तोंडं हीच होती. हीच तोंडं घेऊन आम्ही मोकळे झालो."

मला त्यांचा राग आला. खरं म्हणजे त्यांचं बरोबर होतं म्हणून आला.

पुढच्या तालमीला मी सरांना तोच प्रश्न विचारला. सर्वांसमोर विचारला.

"सर, गुलामीचा रंग काळाच का?"

सर म्हणाले, "जगभर तसंच मानतात. तू हे वैयक्तिक का घेतेस? उगाच जात मध्ये आणू नकोस."

मी जातीचं नावही काढलं नव्हतं. दोन महिने दाराबाहेर चपलांपाशी पडलेली ती, सरांनीच उचलून आत आणली. पांढरा वाईट, काळाही वाईट. मग चांगला रंग कुठला? तर सरांच्या घरात जन्माला येतो तो. एवढं साधं होतं आणि मला दोन महिने लागले. ज्या माणसावर मी बापापेक्षा जास्त विश्वास ठेवला, त्याने मला माणूस म्हणून घेतलंच नव्हतं. गळा घेतला होता.

अंतिम फेरीच्या दिवशी मी परबकाकांच्या पुढ्यात जाऊन बसले. सर तेव्हा बाहेर पाहुण्यांच्या स्वागतात होते.

"काका, मला पण लावा. सगळ्यांना लावता तोच. जाड लावा."

काकांनी माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाले, "तुझो रंग वेगळो, ह्यो रंग वेगळो. आंधळ्याक पण दिसात. तुमच्या सरांक दिसूक नाय." आणि कपाळापासून गळ्यापर्यंत मला रंगवलं.

शेवटचं गाणं आलं. मेधा माझ्या जागेकडे सरकली. मी हललेच नाही. ती दातओठ खात कुजबुजली, "जा ना विंगेत! वाट लावशील नाटकाची." पेटीवाल्याने सुरावट एकदा वाजवली, दुसऱ्यांदा वाजवली. मी फडकं पाण्यात बुडवलं आणि सावकाश तोंड पुसलं. आधी कपाळ, मग गाल, मग गळा. फडकं काळंकुट्ट झालं. खालून माझा चेहरा निघाला, बापाच्या रंगाचा, तांबूस सावळा. तो त्या रंगासारखा नव्हताच कधी. मी उजेडात दोन पावलं पुढे गेले आणि गायले. पूर्ण गाणं, एकाही ओळीला साथ न घेता.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी काय म्हटलं ते मला माहीत नाही. ग्रुपने मात्र खापर माझ्यावर फोडलं. मेधा सोमवारपासून वेगळ्या टेबलावर जेवू लागली. सर मला दारापाशी गाठून म्हणाले, "तू माझं प्रतीक मोडलंस. सगळ्यांत तू वेगळी दिसत होतीस."

"हो," मी म्हटलं. "दिसत होते."

मी चपला घातल्या आणि पुन्हा त्या हॉलमध्ये गेले नाही.

मेधाने पुढे कधी माफी मागितली नाही. मागितली असती तरी मी दिली नसती. त्यानंतर वस्त्यांमधून, कामगारांच्या सभांमधून मी खूप गायले. नाटकवालेही आले, चांगलं बोलणारे, खादी घालणारे. प्रत्येकाला मी आधी एकच विचारते: माझ्या तोंडाचा अर्थ तुम्ही काय लावला आहे? तो सांगा. सांगायला अडखळलात तर दार तिकडे आहे. आणि सांगितलात, तरी गायचं की नाही ते मी ठरवीन. विंगेतून मात्र गाणार नाही. कोणासाठीच नाही.