विमानतळावरची बिनचाकाची गाडी

पाऊस लांबला की कृषी केंद्रात गिऱ्हाईक कमी आणि बसणारे जास्त! आखाडा बाळापूरला माझं बियाणं-औषधांचं दुकान आहे. खताच्या पोत्यांना टेकून एकेक जण सुरू होतो, एका गोष्टीतून दुसरी निघते, चहाचे कप साचत जातात तसे किस्सेही साचत जातात. पण कुणी ‘शांघाय’ म्हटलं की बाकीच्यांची तोंडं बंद. कारण त्या एका ट्रिपमध्ये आम्हाला जेवढे धक्के बसले, तेवढे उरलेल्या जन्मात बसले नाहीत.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका औषध कंपनीची स्कीम होती, जास्त माल विकणाऱ्या डीलरला चीनची ट्रिप. आमच्या हिंगोली जिल्ह्यातून चौघं निघालो. एक मी. दुसरे जवळा बाजारचे राठोडकाका, बंजारा तांड्यावर वाढलेले, साठीचे, धोतर आणि पटका. तिसरा औंढ्याचा खिल्लारे, अॅग्रीचा ग्रॅज्युएट, आमच्यातला एकटाच इंग्रजी बोलणारा. चौथ्या कौसाअक्का, नवरा गेल्यापासून सिद्धेश्वर धरणाकडचं दुकान एकटीनं चालवणाऱ्या. आणि आम्हाला सांभाळायला कंपनीचे कुलकर्णीसाहेब.

* * *

पहिला धक्का विमानातून उतरल्याबरोबर. कुलकर्णीसाहेब मोठ्या उत्साहात म्हणाले, “आता इथून शहरात आपण रेल्वेनं जाणार!”

आमचे चेहरे पडले. रेल्वे म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर पूर्णा-अकोला मीटर गेज. त्या गाडीत माणूस डबा खायचा, झोपायचा, शेजाऱ्याशी भांडायचा, परत दोस्ती करायचा, तरी हिंगोली यायची नाही!

राठोडकाका चिडले. “साहेब, एवढा माल इकला आमी. कंपनीला एक जीप सांगता येत न्हाई व्हय?”

अक्का शांतपणे पिशवी खाली ठेवत म्हणाल्या, “मंग आज इथंच मुक्काम करू. उद्या सकाळच्याला निघू.”

* * *

गाडी फलाटावर आली. आवाज नाही, धूर नाही, खडखड नाही. आत बसल्यावर खिल्लारे सुरू झाला. “काका, या गाडीला चाकं नाहीत. लोहचुंबकावर तरंगते ही. रुळाला टेकतच नाही.”

काकांनी पाय वर घेतले. “चाकं न्हाईत?”

“नाहीत.”

“मंग वर कशानं ऱ्हाती?”

“विजेवर. सगळा खेळ करंटचा.”

आमच्याकडं तेव्हा दिवसातले निम्मे तास लाईट नसायची. काकांनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं, एकदा खिल्लारेकडं पाहिलं, आणि हळूच विचारलं,

“अन् लाईट गेली तर?”

खिल्लारेनं मान वर करून डब्यातले दिवे बघून घेतले!

* * *

गाडी सुटली. दाराच्या वर वेगाचे आकडे दिसत होते. शंभर झाले, दोनशे झाले. मी म्हटलं आता थांबतील. तीनशे! अक्कांनी पदर तोंडाला लावला. चारशेच्या वर गेले तेव्हा बाहेरची घरं, झाडं, पूल, सगळं एकात एक कालवल्यासारखं दिसायला लागलं.

काकांनी मात्र डोळे मिटून घेतले होते. न बघितलेलं बरं, असा त्यांचा हिशोब. पोटात काही गेलं की जरा धीर येईल म्हणून त्यांनी सीटवर मांडी घातली आणि घरून आणलेली दशम्यांची पुरचुंडी काढली. काकूंनी फडक्याला गाठ मारून दिलेली. ती काही सुटेना. नखानं झालं, दातानं झालं. तेवढ्यात गाडी उभी राहिली आणि लोक उतरायला लागले.

“काका, चला! आलं!”

“काय आलं?”

“शहर!”

काका पुरचुंडी हातात धरून तसेच बसलेले. “गाठ सुटायच्या आधी गाव आलं? ह्याला परवास म्हणायचं?”

* * *

त्याच प्रवासातली मधली एक गोष्ट सांगायची राहिली. गाडी पूर्ण भरात असताना एकाएकी ‘धप्प!’ असा दणका बसला. सगळा डबा हलला. खिडकीत काहीतरी पांढरं चमकलं न चमकलं. मी मोठ्यानं ओरडलो, “मेलो!”

डोळे उघडले तर सगळे जिवंत. आणि आमचा इंग्रजी बोलणारा खिल्लारे शेजारच्या चिनी आजोबांच्या दंडाला घट्ट धरून बसलेला!

मी विचारलं, “काय होतं रे ते?”

“समोरून गाडी आली.”

“कुठं हाय?”

“गेली.”

आजोबांनी दंड सोडवून घेतला नाही. उलट दुसऱ्या हातानं खिशातून एक पेपरमिंट काढून त्याला दिलं. बत्तीस वर्षांच्या माणसानं ते चघळत चघळत उतरावं, हे मी या डोळ्यांनी बघितलंय.

* * *

परत आल्यावर बाळापूरच्या हॉटेलात मी हे सगळं रंगवून सांगितलं. नांदेड इथून पाच-सात मिनिटांत येईल म्हटल्यावर लोकांनी चहा खाली ठेवला. कुणी म्हणालं, “फेकून राहिला.” गफूरचाचा मात्र मन लावून ऐकत होते. त्यांचा टेम्पो होता, त्यामुळं वेगाबद्दल त्यांना आदर.

“इतनी जल्दी लोगां कहाँ पहुँचते?”

“विमानतळावर, चाचा.”

“फिर वहाँ क्या करते?”

“विमानाला उशीर असतो. तीन तास बसून राहतात.”

चाचांनी कप उचलला. “तो फिर बैलगाडी में क्या बुराई थी?”

* * *

आणि परतीच्या दिवशीचं.

त्याच गाडीनं विमानतळावर आलो. सामान घेऊन उतरलो, दारं बंद झाली आणि कुलकर्णीसाहेबांनी माणसं मोजली. अक्का नाहीत! बघतो तर काचेपलीकडं, गाडीतच. रेल्वेच्या युनिफॉर्ममधल्या एका मुलीजवळ आमच्याकडं पाठ करून उभ्या. आम्ही काचेवर थापा मारल्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. गाडी परत शहराकडं निघून गेली.

कुलकर्णीसाहेब सुटकेसवरच बसले. “पासपोर्ट माझ्याकडे आहेत. त्यांचासुद्धा!”

परका मुलुख, हातात कागद नाही, भाषा नाही, वर विमानाची वेळ. खिल्लारे धावत एका रेल्वेवाल्याकडं गेला. “लेडी! लेडी!” म्हणून ओरडला. त्यानं बायकांच्या संडासाकडं बोट दाखवलं! राठोडकाकांनी पटका काढून घाम पुसला. “तिच्या पोराला काय तोंड दाखवू मी?”

एक गाडी आली. तीत अक्का नव्हत्या.

दुसरी आली. दार उघडलं आणि अक्का उतरल्या. मागं ती मुलगी. टोपी हातात, डोळे सुजलेले. अक्कांनी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “जेवत जाय येळंवर.” मुलीनं मान हलवली. मग अक्कांच्या गळ्यात पडून असं रडली, की फलाटावरचे लोक थांबून बघायला लागले.

गाडी गेली. अक्कांचे डोळेही लाल. कुलकर्णीसाहेब रागवायचे विसरले.

खिल्लारेनं विचारलं, “अक्का, तिला मराठी येती?”

“न्हाई.”

“तुमाला चिनी?”

“येडा हायेस का?”

“मंग एवढा वेळ बोललात काय?”

अक्कांनी आपली पिशवी उचलली.

“तिचं बी माह्यावानीच हाय,” त्या म्हणाल्या आणि आमच्या पुढं चालायला लागल्या.