लोहाराची तब्येत

दादा खोकत जिना चढायला लागला की क्लासमधल्या मुलांना कळायचं, आपला तास संपत आला. डोंबिवलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी तेव्हा शिकवत होते. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. माझा हा थोरला भाऊ एमआयडीसीतल्या रंगांच्या कंपनीत कामाला. पहिली पाळी सुटली की बाह्यांना लागलेल्या रंगासकट तो थेट क्लासवर यायचा. इंटरनेट तेव्हा फोनच्या लाइनवरून चाले, ती मोकळी असली की आम्ही कॉम्प्युटरवर खेळायला बसायचो.

खेळात चित्रं नव्हती. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, आणि पलीकडे कुठल्या कुठल्या देशांतली माणसं. सुरुवातीला मोजके गुण मिळत. ते बळ, चपळाई, बुद्धी आणि तब्येत यांच्यात वाटून आपला माणूस घडवायचा. बहुतेक जण योद्धे होत. दादाने लोहार केला. बळ असेल तितका जड धातू ठोकता येई, घाव नेमका बसणं चपळाईवर, आणि बुद्धी जास्त तितका हात लवकर तयार. हे कोणी सांगत नसे, आम्ही तलवारी बिघडवून बिघडवून शिकलो. तब्येत लागायची ती भट्टीपाशी उभं राहायला. धग हळूहळू जीव खायची, त्यामुळे लोहाराला अधूनमधून बाहेर विहिरीवर न्यावं लागे. विसरलात की संपलं. लाइन तुटली तरी तो बापडा तिथेच उभा राही.

पुढे लोहाराचं कसब वाढेनासं झालं, तेव्हा दादाला एक वाट सापडली. तब्येतीतून गुण काढून चपळाईत घालता येत होते. मात्र काढलेले परत तब्येतीत जात नव्हते. मी नको नको म्हणत होते.

"अगं, लोहाराला तब्येत काय चाटायचीय? हात पाहिजे, हात," असं म्हणून तो काढत राहिला.

त्याला एकच हवं होतं. उस्ताद लोहाराच्या तलवारीवर त्याचं नाव उमटायचं. कंपनीतही त्याचा हात सगळे वाखाणत. सुकताना रंगाची शेड बिघडू न देणं त्याच्यासारखं कोणाला साधत नसे, म्हणूनच त्याला रंगाची पूड सुकवायच्या खात्यात ठेवलेला. तोंडाला रुमाल बांधून दिवसभर त्या धुरळ्यात. पिंपावर नाव अर्थात कंपनीचं. बदली मागून घे म्हणून आई मागे लागली होती, डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. तो म्हणायचा, बघू. पडद्यावर लोहाराची तब्येत एकेक आकड्याने उतरायची आणि मला धडकी भरायची. ती काही लोहारासाठी नव्हती.

तलवारीचं सगळं सामान जमलं तो दिवस नेमका दसऱ्याचा निघाला. दादाला दुपारची पाळी होती, पण क्लासला सुट्टी, त्यामुळे सकाळी लाइन मोकळी. लोखंड भट्टीत गेलं. तब्येत इतकी उतरलेली की चार घाव घातले की विहीर, पुन्हा चार घाव. तलवार निम्मी झाली असेल, तोच क्लासचे मालक आले. निवृत्त शिक्षक होते ते. हातात झेंडूची फुलं, आपट्याची पानं, हळदकुंकवाची कुयरी. त्यांना मशीनची पूजा करायची होती. चालू मशीन बघून ते भिंतीकडे गेले.

"आज हत्याराला हात लावू नये," ते मायेने म्हणाले. "वर्षभर राबतात बिचारी. एक दिवस विसावू देत."

"सर, थांबा जरा," दादा खुर्चीतून उठलाच. "माणूस भट्टीपाशी उभा आहे."

तोवर त्यांनी मेन स्विच खाली केला होता. अक्षरं विझली, डोक्यावरचा पंखा सावकाश थांबला. सरांना यातलं काहीच कळलं नाही. आणि कुंकू लावलेलं मशीन परत चालू करा, असं दसऱ्याच्या दिवशी त्यांना सांगणार कोण? दादाने हात जोडले, पेढा घेतला आणि पाळीला गेला. त्याच्या कंपनीतही त्या दिवशी मशीनला हार घालत. बंद मात्र ठेवत नसत.

दुसऱ्या दिवशी मॉनिटरवरचं कुंकू चुकवत मी बटण दाबलं. लोहार मेला होता. तलवार कोणीतरी उचलून नेली होती. सरांचा राग यावा तर तोही येईना, त्यांनी विसावाच तर दिला होता.  मग दादाने नवा लोहार केला आणि जवळजवळ सगळे गुण तब्येतीत टाकले.

"हा काही धड बनवणार नाही," तो म्हणाला. "पण राहील."

"आणि तू रे?"

बदली मागतो म्हणाला, आणि खरंच मागितली. मिळायला दिवाळी उलटून गेली. छातीचा एक्स-रे काचेवर धरून डॉक्टर म्हणाले, आता आहे तेवढं जपा, गेलेलं भरून यायचं नाही. दादाने नुसती मान हलवली, त्याला ते आधीच ठाऊक होतं. मी मात्र तिथेच रडले.