मालकाचं विमान आणि माझा हातभर पंखा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो, चहा यायच्या आत. माझ्यासारखा हुशार माणूस किती शेण खाऊ शकतो, ते आज सांगतोच तुम्हाला.

इमर्जन्सी नुकतीच उठली होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी जॉबर होतो. जॉबर म्हणजे कोण? माग बंद पडला की ज्याच्या नावानं हाका मारतात तो. मोटार, पट्टा, पुली, सगळं आपल्या हातातलं. वर आयटीआय पास! म्हणजे अक्कल उसनी घ्यायचा प्रश्नच नव्हता.

मालक तेलुगू विणकर घरातले, मोजकं बोलणारे. त्यांची नवी शेड तयार झाली होती आणि तिथं हेड जॉबर नेमायचा होता. एक मी, दुसरा मकबूल. मकबूल सातवी नापास. आता ह्याला कुणी स्पर्धा म्हणतं का, सांगा.

तेवढ्यात मालकांच्या मेहुण्यानं जर्मनीहून विमान धाडलं. खेळण्यातलंच, पण काय खेळणं! चार फुटांचे पंख, नाकावर विजेची मोटार, तिला वीतभर पंखा, पोटात चार्ज होणारे सेल, आणि चालवायचं हातातल्या रेडिओच्या पेटीवरून. मालकांनी ते माझ्या ताब्यात दिलं आणि म्हणाले, "रविवारी नव्या शेडचा नारळ हाय. पावण्यांसमोर उडवून दाखव. मग हेड जॉबरचं बघू."

शुक्रवारी दुपारी शेडमागं गुपचूप चाचणी घेतली. आणि उडालं की हो! सरळ गेलं आणि कंपाउंडच्या भिंतीला नाक लावून बसलं. विमान शाबूत, पंख्याचे दोन तुकडे.

साधा माणूस असता तर मालकाला जाऊन सांगितलं असतं, की मोडला. पण मला हेड जॉबर व्हायचं होतं. मोडला म्हणून सांगायचं म्हणजे नोकरीच्या अर्जावर आपल्याच हातानं शाई सांडायची.

शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीत सुतार होता. त्याच्याकडून सागवानी पंखा करून घेतला. वीतभर कशाला? हातभर कर म्हटलं. पंखा मोठा तर वारा जास्त, वारा जास्त तर विमान उंच. बायकोनं तो पंखा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "हे लाटणं कुणाचं आणलं?" मी पंखा तिच्या हातातून काढून घेतला. विज्ञान सगळ्यांना कळतं असं नाही.

पंखा बसवला. मोटार कण्हायला लागली, पंखा जात्यासारखा फिरला, आणि पाच मिनिटांत सेल तापून फुगले. गेले कायमचे. आमचा निष्कर्ष काय? सेल कमजोर. जर्मन माल, दुसरं काय!

मग कारकुनाच्या हातापाया पडून त्याच्या मोटारसायकलची बॅटरी मागून आणली. पोटात मावेना, म्हणून टॉवेलच्या काठाच्या पट्टीनं विमानाच्या पाठीवर बांधली. आता पंखा गरगरला, पण विमान जागचं हलेना. बॅटरी विमानापेक्षा जड, हे कुणाच्याही ध्यानात आलं असतं. मी मात्र ठरवलं, वारा कमी पडतोय. सुताराकडून दीड हाताचा पंखा आणला. तो जमिनीला घासायला लागला, म्हणून सायकलच्या तारा वाकवून विमानाला उंच पाय केले. विमान आता बगळ्यासारखं दिसत होतं, तेवढंच समाधान.

मकबूल हे सगळं बघत होता. हळूच म्हणाला, "भाई, एक मोटर पे दो माग जोडे तो मोटर जलती ना? इसकू भी वैसाच होयेगा."

मी त्याला समजावून सांगितलं, की माग जमिनीवर असतो आणि विमान आकाशात, दोन्हीचं शास्त्र वेगळं. बिचारा आपल्या कामाला लागला.

रविवार उजाडला. नारळ फुटला, पेढे वाटले, पाव्हणे शेडमागं गोळा झाले. मी रुबाबात पेटीचा खटका दाबला. असा वारा सुटला म्हणता, पुढच्या दोघांच्या टोप्या उडाल्या! तेवढंच उडालं. विमान तसूभर हललं नाही. मग वास आला. मोटारींमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला तो वास ओळखायला आयटीआय लागत नाही. पाठोपाठ धूर. एका पाव्हण्यानं टाळ्या वाजवल्या, त्याला वाटलं जेट आहे.

मालक जवळ आले. लाकडी पंख्याकडे बघून म्हणाले, "मूळचा कुटं हाय?"

सांगितलं सगळं. दुसरं काय करणार? वाटलं आता भडकतील. पण ते सरळ ऑफिसात गेले आणि एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन आले. आत वीतभराचे दोन कोरे पंखे आणि सेलचा नवा संच.

"मेहुण्यानं संगटच धाडलं हुतं. पयल्यांदा शिकणारा मोडणारच, म्हणला. तू मागितलाच न्हाईस."

मला काय आनंद झाला! लाज वगैरे नंतर. "आणा की मालक, आत्ता बसवतो. पाच मिनिटांत उडवतो!"

"बसव की," मालक शांतपणे म्हणाले, "पर मोटार त्यानं एकच धाडलीया. ती जळत नसती, म्हणला."

नव्या शेडला मकबूल हेड जॉबर झाला. नवी मोटार मागवायचं पत्र मात्र मालकांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं. जुनी कशी जळाली, ते सविस्तर, माझ्याच अक्षरात, आणि खाली माझी सही.