प्लेगच्या माळावरचं बाळंतपण

आमच्या बायकांच्या मंडळाबद्दल पुढं लोकांनी बरंच काय काय सांगितलं. त्यातलं निम्मं खोटं आहे. सुरुवात कशी झाली ते पाहिलेली आता मी एकटीच उरले, तवा मी सांगते तेच बराबर समजा.

मी हसनाबादची. दिली जालन्यात. राज्य निजामाचं होतं, अन् आमच्या गल्लीवर राज्य माझ्या सासूचं. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. तर आत्याबाईंचं एक भजनी मंडळ होतं. एकादशीला गल्लीतल्या बाया आमच्या ओसरीवर जमायच्या, टाळ कुटायच्या, चहा पिऊन घरी जायच्या. आत्याबाईंचा आवाज असा खणखणीत की टाळ नसते तरी चाललं असतं. मी नवी होते तवा मागं बसायचे, पण मागं बसणं माझ्या स्वभावात न्हाई. दोन-तीन एकादश्यांतच पुढं सरकले.

मंग त्या साली गावात उंदीर पडायला लागले. उंदीर पडला म्हणजे काय ते आता सांगावं लागतं, तवा लागत नव्हतं. घरात मेलेला उंदीर दिसला की प्लेग आला समजायचं अन् दार लावून गावाबाहेर पडायचं. ज्याचं शेत त्यानं शेतात झोपडी घालायची, ज्याला न्हाई त्यानं भावकीच्या शेतात. माझा भाऊ हसनाबादहून गाडीभर कडबा घेऊन आल्ता. कुंडलिका नदीच्या पलीकडं आमच्या माळावर आम्ही झोपड्या घातल्या, वर कडबा, बाजूनं पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, कूड. गल्लीच्या गल्ली तिथं येऊन बसली. खरं सांगू? पहिले चार दिवस मला जत्रेसारखी मजाच वाटली.

पाचव्या-सहाव्या दिवशी वाटेवर ती माणसं दिसली. डोक्यावर गाठोडी, कडेला पोरं, एकाच्या खांद्यावर तर मागाचं लाकूड. तेलंगणातून आलेली विणकर कुटुंबं होती ती. वर्ष-दीड वर्षापूर्वी पोटासाठी जालन्यात आल्ती, भाड्याच्या खोल्यांत माग टाकून लुगडी विणायची. त्यांना इथं ना शेत ना भावकी. ज्याच्या बांधाला टेकतील तो हाकलून लावायचा. वर म्हणायचे, “ह्या परक्यांनीच रोग आणला.” अन् हे म्हणणाऱ्यांच्या अंगावर त्याच लोकांनी विणलेली लुगडी!

आत्याबाई ताडकन उठल्या. कंबरेला पदर खोचला अन् वाटेवर जाऊन उभ्या राहिल्या. “अरे, उन्हात लेकरं घेऊन कुठवर फिरता? या इकडं. शेत माझं आहे, कोणाच्या बापाचं न्हाई.” आमचे मालक हळूच म्हणाले, “आई, जरा विचार करावा.” आत्याबाई म्हणाल्या, “केला.” झालं, संपलं.

तिथून आमचं मंडळ खरं सुरू झालं. टाळ खुंटीला अडकवले. दळायला बसलेल्या प्रत्येक बाईनं पहिली मूठ पीठ मंडळाच्या मातीच्या डेऱ्यात टाकायची, असं ठरलं. आम्ही आळीपाळीनं झोपड्या फिरायचो, कोणाला ताप आहे का पाहायचो. सरकारी डॉक्टर सुई टोचायला आला तवा विणकर माणसं पळायला लागली, म्हणून आत्याबाईंनी सगळ्यांदेखत आधी स्वतःचा दंड पुढं केला अन् मंग माझा ओढला. दंड असा सुजला की विचारू नका. विणकरांच्या बायांना भाकरी थापता येत न्हाई हे आम्हाला उशिरा कळलं. भातखाऊ लोक ते. आम्ही शिकवलं. त्यांच्या पहिल्या भाकऱ्या पाहून आम्ही पोट धरून हसलो अन् त्याही हसल्या. अशी ओळख झाली. बोलणं निम्मं हातवाऱ्यांनी, निम्मं मोडक्यातोडक्या हिंदीत.

आत्याबाईंचा नेम मात्र एकच अन् कडक. शेताच्या कडेनं एक ओढा होता, गुडघाभर पाण्याचा. ज्याला ताप अन् गाठ, त्याला ओढ्यापल्याडच्या झोपडीत न्यायचं. बरोबर घरातलं एकच माणूस जाईल. अन् पल्याड गेलं ते माणूस आजार निवळेपर्यंत अल्याड यायचं न्हाई. बिलकुल न्हाई, कोणीही असो. ह्या नेमापुढं त्यांनी राजाचंही ऐकलं नसतं. आधीच्या एका साथीत त्यांचा थोरला मुलगा गेल्ता, अन् त्याच्या उशाला बसून मंग घरभर वावरणारी त्यांची नणंदही मागोमाग गेली. तवापासून त्यांनी मनात ती रेघ मारलेली. अन् तिचा फायदा झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या माळांवर घरंच्या घरं बसली, आमच्याकडं तसं झालं न्हाई.

विणकरांत एक घर तिघांचं होतं. एक म्हातारी, तिचा तरणा मुलगा अन् त्याची बायको. बायको कसली, पोरसवदा पोरगी, दिवस भरत आलेले. मुलाला बाजारामुळं मराठी यायची, म्हातारीला थोडी हिंदी, पोरीला तेलुगूशिवाय काही न्हाई. एका सकाळी मुलाला ताप भरला, दुपारी जांघेत गाठ आली. आत्याबाईंनी लगेच सांगितलं, मुलगा पल्याड, आई त्याच्या सोबत, पोरगी अल्याड आमच्याजवळ.

म्हातारीनं आकांत मांडला. पोरीचा हात सोडेना. “मेरी बच्ची है माई, मेरे पास रहने देव!” आत्याबाई म्हणाल्या, “हो हो, तुझीच बच्ची आहे. चारचौघांत सगळ्या सासवा असंच म्हणतात.” आम्ही सगळ्या हसलो. सासू सुनेला बच्ची म्हणते म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, असं आमच्यातल्या प्रत्येकीला आपापल्या अनुभवावरून वाटलं. शेवटी म्हातारी मुलाला धरून ओढा उतरली. मान सारखी मागं वळवत होती.

मंग आम्ही त्या पोरीचं माहेर व्हायचं ठरवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. सासरी पहिलं बाळंतपण म्हणजे लोक पोरीच्या आईबापांना नावं ठेवतात. हिचं माहेर कुठं तेलंगणात, गाडीत चढणाऱ्यांची स्टेशनावर तपासणी चालू, पाठवणार कशी? म्हणून मंडळानं लाड सुरू केले. एकीनं तेल लावलं, एकीनं बांगड्या भरल्या, मी डिंकाचा लाडू करून दिला. पोरगी खाईना. नुसती पल्याड पाहून रडायची. आम्ही आगगाडीची खूण करून, झुकझुक करून समजवायचो की बाळ झालं, साथ गेली की तुला माहेरी पाठवतो. ती आणखीनच मोठ्यानं रडायची. “बिचारीला आईची आठवण येऊन राह्यली,” आम्ही म्हणायचो अन् आणखी एक लाडू पुढं करायचो.

ती खरी कशानं रडत होती ते पुढं कळलंच, पण बाकीच्या विणकर बायांनी ते आधी का सांगितलं न्हाई, असं तुम्ही विचाराल. मीही त्यांना नंतर विचारलं, चांगली भांडले. त्या म्हणाल्या, त्यात सांगायचं काय होतं? त्यांच्यात ते रोजचंच. अन् पीठ देणाऱ्या बाईला कोण शहाणपणा शिकवणार.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता पोरीला कळा सुरू झाल्या. गावातली सुईण आपल्या लेकीकडं निघून गेल्ती. आमच्यात बाळंतपणं केलेल्या दोघी-तिघी होत्या, पण पोरगी कोणाला जवळ येऊ देईना. हात लावला की किंचाळायची, पाय आखडून घ्यायची. ऊन डोक्यावर आलं तरी तेच. ओठ कोरडे पडले, डोळे फिरवायला लागली. आमच्यातली सगळ्यात जाणती बाई बाहेर येऊन माझ्या कानाशी म्हणाली, “हिनं असंच अंग चोरलं तर दोघंही जातील.” माझं स्वतःचं लेकरू तवा अंगावर पीत होतं.

मी धावत ओढ्याच्या काठाशी गेले. म्हातारी पलीकडं झोपडीच्या तोंडाशी उभीच होती, पोरीचं ओरडणं तिला ऐकू येत होतं. मी ओरडून विचारलं, “तिचं मायका किधर है? माँ का नाम बोल! आईचं नाव घेतलं तर ऐकेल ती!”

म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला. “किधर का मायका? इसका मायका मैंच है! मेरी बेटी की बेटी है. बेटी मर गई, मैं पाली. अपने छोटे को दी, मेरे पास रहना बोलके!”

मला एक क्षण काही समजेना. मंग लख्ख समजलं. त्यांच्यात पोरगी सख्ख्या मामाला देतात. आमच्याकडं मामाची मुलगी करतात, पण मामाच नवरा ही गोष्ट आमच्या स्वप्नातही न्हाई. म्हणजे ही म्हातारी सासू होती, पण त्याआधी आजी होती, अन् त्याच्याही आधी हिची आईच होती. पोरीला आम्ही माहेर देतो म्हणून लाडू चारत होतो अन् तिचं सगळं माहेर आम्हीच ओढ्यापल्याड नेऊन ठेवलं होतं. मला इतकी शरम वाटली, अन् इतका रागही आला, की मी तिथूनच आत्याबाईंच्या नावानं हाका मारत सुटले.

आत्याबाई आल्या. मी सगळं सांगितलं. त्या ओढ्याकडं पाहत राहिल्या. म्हातारी पाण्यात पाय घालायची अन् मागं घ्यायची. इकडं पोरगी, तिकडं झोपडीत तापानं बरळणारा मुलगा. दोन्ही तिचीच. एकाला सोडल्याशिवाय दुसऱ्याकडं जाता येत नव्हतं, कारण अशा रोग्याला एकटं टाकलं तर तो उठून पळतो न्हाई तर तहानेनं मरतो.

मी म्हणाले, “मी जाते पल्याड. हिला येऊ द्या.”

“तुझ्या अंगावर पितं लेकरू आहे. गप बस,” आत्याबाई म्हणाल्या. मंग मोठ्यानं, सगळ्या माळाला ऐकू जाईल असं बोलल्या, “नेम मी घातला, मीच मोडते. कोणाला काही बोलायचं असंल तर आत्ताच बोला.” त्यांनी मला कडुलिंबाचा पाला घालून पाणी तापवायला लावलं, आपलं धुतलेलं लुगडं काढून दिलं. “म्हातारीला ओढ्यातच आंघोळ घाला, डोक्यावरून. जुनं लुगडं जाळा. हे नेसवा अन् जल्दी आत न्या.” अन् स्वतः पदर खोचून पाण्यात उतरल्या.

आमचे मालक धावत आले. “आई, काय करून राह्यलीस? परका माणूस, गाठीचा रोगी!”

आत्याबाई वळल्या न्हाईत. ओढ्याच्या मधोमध दोघी समोरासमोर आल्या. म्हातारीनं हात जोडले, आत्याबाईंनी ते खाली केले अन् तिला पुढं ढकललं. मंग त्या झोपडीत शिरल्या. दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा न पिणारी बाई ती.

इकडं म्हातारी आत आली मात्र, पोरीनं तिच्या गळ्याला अशी मिठी मारली की आम्हाला वाटलं आता म्हातारीच गुदमरते. म्हातारीनं काही जगावेगळं केलं न्हाई. जे आमच्या बाया सकाळपासून करू पाहत होत्या तेच केलं, फक्त पोरगी आता ऐकत होती. तिसऱ्या प्रहरी मुलगी झाली. चांगली गुबगुबीत, काळीभोर, अन् पहिला श्वास घेताच असं भोकाड पसरलं की माळावरचे लोक उठून उभे राहिले. मी ओढ्याकाठी जाऊन ओरडले, “आत्याबाई, मुलगी झाली! दोघी ठीक हाईत!” आतून आवाज आला, “सांगते त्याला!”

पुढचे दोन दिवस मंडळ मी चालवलं, अन् चांगलं चालवलं. पल्याडचं जेवण मी काठावर ठेवून मागं सरायचे, मंग आत्याबाई येऊन घ्यायच्या. कसा आहे विचारलं की म्हणायच्या, “आहे.” त्यांचा आवाज बसला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पाण्याच्या कडेला येऊन थांबल्या अन् जेवण उचललं न्हाई. मुलगा गेला, हे आम्हाला कळलं. म्हातारी बाळाला छातीशी धरून काठावर आली. रडली न्हाई. तिनं बाळाचं तोंड आधी आत्याबाईंच्या दिशेनं केलं, नीट दिसावं म्हणून. मंग विचारलं, “पानी माँगा?”

“मागितलं. माझ्या हातानं पाजलं. पोट भरेस्तोवर प्याला.”

“मेरे को पुकारा?”

हा प्रश्न येणार हे आत्याबाईंना ठाऊक असणार.

“पुकारलं बाई. रात्रंदिवस अम्मा अम्मा करत होता,” त्या म्हणाल्या. “त्याला दिसत नव्हतं. मी ओ दिली. त्यानं जेवढ्या वेळा हाक मारली, तेवढ्या वेळा दिली.”