यादोरावची राजदूत

दवनीवाड्यात राजदूत आली तेव्हा गावात दुसरी फटफटी नव्हती. ती यादोरावनं आणली, आणि त्या दिवसापासून गावाचं दुखणं, बाळंतपण, कोर्टाची तारीख, सगळं त्याच्या मागच्या सीटवर येऊन बसलं. विळा लागलेला माणूस असो की कळा सुटलेली बाई, त्यानं कुणाला नाही म्हटलं नाही. ज्यांनी एरवी बौद्ध मोहल्ल्यातल्या माणसाला ओसरीवर बस म्हटलं नसतं, तेही त्याच्या कमरेला घट्ट धरून गोंदियाला गेले. यादोरावला याची भारी मजा वाटे. घरी येऊन तो बायकोला, दुर्गाला, त्यांची नक्कल करून दाखवी, आणि दोघं पोट धरून हसत.

पुढे घरोघरी नव्या गाड्या आल्या. पण मेल्या त्या गाड्या, चोरपावलानं येतात नि जातात, कुणी मान वर करून बघत नाही. राजदूत भटभटत निघाली की पोरं अजूनही रस्त्यावर धावत. नागपूरहून शौकीन लोक ती मागायला येत. यादोराव त्यांना चहा पाजून वाटेला लावी. नवरदेवाला मात्र गाडी हमखास मिळे, कारण आजकालच्या पोरांना घोड्यापेक्षा राजदूतवरची वरात आवडते.

तिचं एक पथ्य होतं. तिच्या पेट्रोलमध्येच इंजिनाचं तेल मिसळावं लागे. नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिन आतून सुकतं आणि चालता चालता आवळून बसतं. पूर्वी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आताच्या गाड्यांना ती भानगडच नाही, त्यामुळे नव्या पिढीला त्याचा पत्ता नाही. यादोराव घरीच कॅनमध्ये मिसळण करून ठेवी आणि टाकीला दुसऱ्याचा हात लागू देत नसे.

गल्लीतल्या भुपेंद्रनं लग्नाला गाडी नेली. वरात थाटात झाली. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही आपली रीत, आणि भुपेंद्र रीतभात पाळणारा पोरगा. परत येताना त्यानं पंपावर टाकी काठोकाठ भरून घेतली, गाडी पुसून अंगणात लावली आणि किल्ली दुर्गाच्या हातात दिली. यादोराव तेव्हा बांधीत धानाला पाणी देत होता.

दोन दिवसांनी सकाळी दुर्गाच्या छातीत दुखू लागलं. घामानं लुगडं भिजलं. रुग्णवाहिकेला फोन केला तर ती दुसरीकडे गेलेली. शेजारचा खेमराज नवी गाडी घेऊन दारात आला.

"काका, माही गाडी घ्या. मी नेतो काकूले."

"आपलीच बरी," दुर्गा म्हणाली. तिला त्या सीटची सवय होती. यादोरावलाही तेच हवं होतं. अख्ख्या गावाला पोचवलं, आता घरच्या माणसाला दुसऱ्याच्या गाडीवर नेऊ? निघताना दर वेळी टाकी उघडून वास घेणारा माणूस, त्या दिवशी त्यानं झाकणाला हातही लावला नाही.

अर्ध्या वाटेत इंजिनाचा आवाज बसला. मग एक करकर झाली आणि मागचं चाक जागीच जाम झालं. क्लच दाबला म्हणून पडले नाहीत इतकंच. यादोराव किकवर उभा राहिला, पण किक हलेना. दुर्गा रस्त्याच्या कडेला बसली होती.

"काऊन थांबली?" तिनं विचारलं.

मागून खेमराज आला. दुर्गाला मधे बसवून ते पुढे निघाले. यादोरावनं तिला पाठीमागून कवेत धरलं होतं. गोंदिया दिसायच्या आत तिची मान त्याच्या खांद्यावर कलंडली, आणि त्याला कळलं. तो दवाखान्यापर्यंत तिला तसाच धरून बसला.

गाडी टेम्पोतून घरी आली. माती झाल्यावर यादोरावनं टाकी उघडली. नुसत्या पेट्रोलचा वास आला. त्यानं बोट बुडवून दोन बोटांत चोळलं. चिकटपणा नावाला नव्हता.

संध्याकाळी भुपेंद्र भेटायला आला. नखांतली हळद अजून गेली नव्हती. यादोरावचे पाय धरून तो ढसाढसा रडला.

"काका, बंद कशी पडली जी? मी तं टाकी फुल करून आणली होती."

यादोरावच्या मस्तकात तिडीक गेली. या पोराला धरून गदागदा हलवावं, त्या टाकीत त्याचं तोंड खुपसावं असं त्याला वाटलं. दारात भुपेंद्रची नवी बायको डोईवर पदर घेऊन उभी होती. एक शब्द, आणि हा पोरगा जन्मभर रात्री दचकून उठणार.

"मीच तेल टाकाले विसरलो," यादोराव म्हणाला.

गावात गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो! म्हातारपणी डोकं गेलं, स्वतःच्या हातानं बायको मारली, असं लोक चावडीवर बोलू लागले. ज्यांना त्यानं दवाखान्यात पोचवलं होतं, तेच त्यांत पुढे होते. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलत.

दुर्गाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला त्याची लेक साक्षी जिल्ह्यातल्याच गोरेगावहून पुन्हा आली. सगळं आटोपेपर्यंत ती बापाशी बोलली नाही. निघताना पिशवी खाली ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, खरं सांगा. तुमी विसरले? तुमी?"

तिला खरं सांगावं असं त्याला फार वाटलं. ही एकच त्याची उरली होती. पण तिला सांगितलं तर ती थेट भुपेंद्रच्या दारात जाऊन उभी राहील, हेही त्याला माहीत होतं.

"हाव," तो म्हणाला, "विसरलो."

साक्षीनं पिशवी उचलली आणि पाया न पडता एसटीकडे निघाली.